अक्षय ऊर्जेचे पंचांग

रब्बीच्या दिवसांत सातारा-सांगलीकडच्या रस्त्याने रात्री उशिरा प्रवास करण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांनी दूर रानात हलणारा विजेरीचा उजेड पाहिला असेल. तो उजेड दारे धरणाऱ्याचा. शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली, की शेतकऱ्याला झोप मोडून मळ्यात जावे लागते. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात खोरे आणि पायांखाली थंडगार चिखल. विंचूकाट्याचे आणि सापाचे भय पूर्वीपासूनचेच आहे. जुन्नर-संगमनेरच्या बाजूला आता उसातल्या बिबट्याची त्यात भर पडली आहे. पाण्याला गेलेला माणूस परत येईपर्यंत घरातली बाई जागी असते. अशा घराला वीज किती मिळते याची जितकी काळजी, तितकीच ती केव्हा मिळते याचीही असते.

अक्षय ऊर्जेवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती संपत नाही, धूर करीत नाही, परदेशातून विकत आणावी लागत नाही, हे तिचे गुण शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. ते खरेही आहेत. परंतु ऊन, वारा, पाणी, उसाचे चिपाड आणि शेण या प्रत्येकाची एक वेळ असते, एक ऋतू असतो. आणि ज्या गरजेची वेळ त्या साधनाच्या वेळेशी जुळते तेथेच त्याचा खरा लाभ मिळतो, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. या लेखात त्या वेळांचाच विचार करावयाचा आहे.

आधी नावाविषयी थोडेसे. केंद्र शासनाने १९८२ मध्ये यासाठी स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा त्याच्या नावात या साधनांना ‘अपारंपरिक’ म्हटले होते. १९९२ मध्ये त्या विभागाचे मंत्रालय झाले आणि २००६ मध्ये ‘नवीन व नवीकरणीय ऊर्जा’ असे त्याचे नामांतर झाले. ‘अपारंपरिक’ हा शब्द प्रस्तुत लेखकाला नेहमीच थोडा गमतीचा वाटत आला. खळ्यावर वाऱ्याच्या दिशेने तोंड करून धान्य उपणणारी, उन्हात सांडगे-पापड वाळवणारी, शिडाच्या गलबताने कोकणातून मुंबई गाठणारी माणसे कोणती परंपरा पाळत होती? दगडी कोळसा हाच आपल्याकडे मागाहून आलेला पाहुणा आहे. आपल्या राज्यात हे काम पाहणारी ‘महाऊर्जा’ ही संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली.

कुवत आणि निर्मिती

पुढे जाण्यापूर्वी दोन मोजमापे नीट समजून घेतली पाहिजेत, कारण वृत्तपत्रांतील आकडे वाचताना येथेच सर्वाधिक घोटाळा होतो. किलोवॅट हे यंत्राच्या कुवतीचे माप आहे, तर युनिट हे प्रत्यक्ष निर्माण झालेल्या किंवा वापरलेल्या विजेचे. एक किलोवॅटचे यंत्र तासभर पूर्ण कुवतीने चालले म्हणजे एक युनिट वीज होते. कोळशावरील एक किलोवॅट कुवत रात्रंदिवस चालू शकते. एक किलोवॅटची सौरतावदाने मात्र आपल्या हवामानात वर्षाची सरासरी धरता दिवसाला सुमारे चारच युनिटे देतात. रात्री सूर्य नसतो, सकाळ-संध्याकाळ तो तिरपा असतो आणि आषाढात तो ढगांआड असतो. देशातील वीजनिर्मितीच्या एकूण कुवतीपैकी निम्मी कुवत २०२५ मध्ये कोळसा, तेल व वायू यांवर अवलंबून नसलेल्या साधनांची झाली, ही गोष्ट अभिमानाची खरीच. पण प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत या साधनांचा वाटा अद्याप निम्म्याहून बराच कमी आहे. कुवतीच्या आकड्यावरून निर्मितीचा अंदाज बांधणे म्हणजे घरातली भांडी मोजून दूध किती आहे ते सांगण्यासारखे आहे.

दिवसाची वीज

शेतीला रात्रीची वीज का द्यावी लागे? मोठ्या प्रमाणावर वीज साठवून ठेवणे फार खर्चाचे असते. ती ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते. कारखाने, कचेऱ्या आणि शहरे दिवसा वीज ओढतात. औष्णिक केंद्राचा बाष्पक मात्र घरातल्या चुलीसारखा रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही. तो मंद केला तरी धगधगत ठेवावाच लागतो. रात्री उरणारी ही वीज कोणाला तरी द्यावयाची, आणि शेतीपंपांना पाळी लावता येते, म्हणून ती शेतीकडे वळवली गेली. व्यवस्थेच्या हिशेबात ही गोष्ट चोख बसत होती. त्या हिशेबात रात्री दोन वाजता दारे धरणारा माणूस तेवढा कोठे नव्हता.

सौरऊर्जेने हे गणित उलटे केले. ऊन दिवसाच पडते आणि पिकाला पाणी दिवसाच द्यावयाचे असते. उन्हाळ्यात पिकाची तहान वाढते, त्याच काळात ऊनही कडक असते. गरज आणि साधन यांची अशी जोडी क्वचितच जुळते. शेतीसाठी स्वतंत्र विद्युतवाहिनी काढून ती सौरप्रकल्पावर चालविण्याची ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली. अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही तिची आरंभीची ठिकाणे. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. गावाजवळच्या वीज उपकेंद्राच्या आसपास जमीन घ्यावयाची, तेथे काही मेगावॉटांचा सौरप्रकल्प उभारावयाचा आणि त्याची वीज त्याच उपकेंद्रातून परिसरातील पंपांना द्यावयाची, असे तिचे स्वरूप आहे. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. खाजगी जमीन भाड्याने देणाऱ्याला या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी त्यात तीन टक्के वाढ, असा दर ठरविण्यात आला. खडकाळ, पडीक रानाच्या मालकाला हा व्यवहार वाईट नाही. गायरानाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. नकाशावर मोकळी दिसणारी जागा मेंढपाळाच्या आणि भूमिहीनाच्या शेळीच्या दृष्टीने मोकळी नसते. अशी जागा निवडण्यापूर्वी चराईची दुसरी सोय कोठे होणार, हे ग्रामसभेतच उघडपणे बोलले गेले पाहिजे.

स्वतंत्र सौरपंप हा दुसरा मार्ग. केंद्राची ‘कुसुम’ योजना २०१९ ची; राज्याने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आणली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरावयाचा असतो. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून अधिक क्षेत्राला ७.५ अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण ठरविलेले आहे. जेथे विजेचे खांब अद्याप पोहोचले नाहीत, अशा डोंगरकपारीच्या शेतांना हा पंप वरदान ठरतो. परंतु जेथे खांब आहेत तेथे, लेखकाच्या मते, सौरवाहिनीच अधिक हिताची. पावसाळ्यात आणि दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पंप बंद असतो. तेव्हा सुट्या पंपाच्या तावदानांवर पडणारे ऊन वाया जाते, वाहिनीवरचे मात्र इतरांच्या कामी येते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे भाग आहे. सौरपंपाला बिल येत नाही, म्हणून तो बंद करण्याचीही आठवण राहत नाही. ऊन अक्षय असले तरी विहिरीतले पाणी अक्षय नाही. वीज फुकट झाली म्हणून भूजल उपसत राहिलो, तर एका अक्षय साधनाच्या साहाय्याने दुसरे साधन संपविल्यासारखे होईल. सौरपंपाबरोबर ठिबक संच घ्यावा असे कृषी खात्याचे कर्मचारी सांगतात, ते याचसाठी. तावदानांवरील धूळ पहाटे किंवा सायंकाळी, काच थंड असताना पाण्याने पुसावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यास ती तडकण्याची भीती असते.

कोळशाच्या एका युनिटामागे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो, हे अनेकांना माहीत असते. त्यासाठी पाणीही लागते, याची जाणीव मराठवाड्याला २०१३ च्या दुष्काळात झाली; परळीचे औष्णिक केंद्र त्या वर्षी पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. तावदाने पुसण्यापुरते पाणी सोडले तर सौरप्रकल्पाला पाणी लागत नाही. अवर्षणप्रवण तालुक्यांच्या दृष्टीने हा लाभ धूर नसण्याइतकाच मोलाचा आहे.

आषाढातला वारा

पाटण तालुक्यातील वनकुसवड्याचे पठार कोयनेच्या जलाशयावर, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. तेथे पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. भारतात पवनऊर्जेचे पहिले प्रकल्प १९८६ च्या सुमारास रत्नागिरी, ओखा आणि तुतीकोरिन अशा किनाऱ्यावरच्या ठिकाणी उभे राहिले. महाराष्ट्रात नंतर सातारा-सांगलीची पठारे आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचा परिसर ही त्यांची मोठी ठिकाणे झाली.

वाऱ्याचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती दुप्पट न होता आठपट होते. म्हणूनच चांगल्या वाऱ्याची जागा आणि मध्यम वाऱ्याची जागा यांच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचे अंतर पडते, आणि म्हणूनच ही यंत्रे उंच पठारे शोधत जातात. आपल्याकडे हा जोरकस वारा जूनपासून सप्टेंबरपर्यंत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. उरलेले आठ महिने पाती पुष्कळदा आळसावल्यासारखी फिरतात किंवा उभीच असतात.

त्या पठारावर काही वर्षांपूर्वी गेलो असता एका वृद्ध शेतकऱ्याने प्रश्न विचारला होता : “वारं आखाडात येतंय, आन् हिरीला पानी लागतंय चैतात. ह्येचा मेळ कसा घालायचा, सायेब?” सोबतच्या अभियंत्याने वीज एकाच जाळ्यात जाते वगैरे सांगितले. म्हातारबाबांचे समाधान झाले असे दिसले नाही. लेखकाचेही झाले नव्हते. कलाशाखेच्या माणसाला विजेचे शास्त्र हळूहळूच उमगते. पुढे त्याच पठाराखालच्या पाण्याकडे पाहताना या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सापडले.

पाणी : राखून ठेवलेली वीज

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस पश्चिमेकडे सोडून वीज करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जमशेटजी टाटा यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९१५ मध्ये, लोणावळ्याच्या परिसरातील तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. भिवपुरी व भिरा ही केंद्रे पुढच्या दशकात झाली. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण झाले तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, हेही याच इतिहासाचे पान आहे. कोयनेच्या पाण्याखालीही गावे गेली. अक्षय ऊर्जा म्हणजे कोणाचेच काही न घेता मिळणारी ऊर्जा, असा समज करून घेऊ नये.

कोयना प्रकल्पाची वीजनिर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली. पोफळीचे भूमिगत केंद्र, अलोरे येथील तिसरा टप्पा, १९९९ मध्ये जलाशयाच्या तळाला छिद्र पाडून पुरा केलेला चौथा टप्पा आणि धरणाच्या पायथ्याचे केंद्र अशी मिळून त्याची कुवत १,९६० मेगावॉट आहे. जलाशयात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. पण कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निर्णयाप्रमाणे वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफूटच पाणी पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळविता येते. म्हणजे कोयनेला शिधा ठरवून दिलेला आहे. तो कोणत्या महिन्यात आणि कोणत्या तासाला खर्च करावयाचा, हे ठरविणे तेथील अभियंत्यांचे रोजचे काम आहे. पाण्याची चक्की काही मिनिटांत सुरू करता येते आणि तितक्याच लवकर बंदही करता येते. सायंकाळी घरोघरी दिवे लागतात आणि विजेची मागणी एकदम वर चढते तेव्हा कोयना मदतीला धावते.

म्हाताऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. आषाढात वनकुसवड्याच्या पठारावर वारा सुटलेला असताना, किंवा वैशाखात दुपारच्या उन्हाने तावदाने तळपत असताना, त्या विजेमुळे कोयनेचे जे पाणी वापरावे लागत नाही ते जलाशयातच राहते. एक हजार लिटर पाणी चारशे-साडेचारशे मीटर उंचीवरून सोडले की ढोबळमानाने एक युनिट वीज मिळते. दुपारी सूर्याने एक युनिट दिले म्हणजे सायंकाळसाठी हजार लिटर पाणी शिल्लक राहिले, असा हा हिशेब मांडता येतो.

याच्याही पुढची पायरी घाटघर येथे आहे. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय आणि खाली शहापूर तालुक्याच्या बाजूला दुसरा. दोन्हींमध्ये सुमारे चारशे मीटरांची उंची आणि मधल्या डोंगराच्या पोटात २५० मेगावॉटांचे केंद्र. मागणी असेल तेव्हा वरचे पाणी खाली सोडून वीज करावयाची, आणि वीज जास्त होईल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवावयाचे. हा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये कार्यान्वित झाला. शंभर युनिटे खर्चून पाणी वर नेले तर परत सत्तर-ऐंशी मिळतात; तोट्याचा व्यवहार म्हणून कोणी हसेल. परंतु दुपारी जी वीज कोणालाच नको असते ती देऊन सायंकाळी सर्वांना हवी असलेली वीज मिळत असेल, तर वीस-तीस युनिटांचा हा तोटा म्हणजे धान्य साठविताना द्यावी लागणारी तूट होय. ऊन आणि वारा यांचा वाटा जसा वाढेल तशी अशा जागांची गरज वाढणार आहे, आणि सह्याद्रीसारखा उभा कडा असणे हे आपल्या राज्याचे भाग्य आहे.

हिवाळ्याची जबाबदारी साखर कारखान्यांनी काही प्रमाणात उचलली आहे. गाळलेल्या उसाच्या वजनाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग ओल्या चिपाडाच्या रूपाने उरतो. उच्च दाबाचे बाष्पक बसवून ते जाळले की कारखाना चालून उरलेली वीज विकता येते. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, म्हणजे वारा पडलेला असतो नेमक्या त्याच काळात चालते. सहकाराच्या या आवारात वीज हेही एक पीक झाले आहे, एवढेच येथे नोंदवून पुढे जाऊ.

गोठ्यामागचा घुमट

गोबरगॅसला मात्र ऋतू नाही. त्याला रोजची हजेरी हवी. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्येच मैल्यापासून वायू निर्माण करून त्याचा उपयोग करण्यात आला होता. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ पासून तरंगत्या टाकीचे संयंत्र गावोगाव नेले, १९८१-८२ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि लोखंडी टाकीऐवजी विटांचा घुमट असलेले ‘दीनबंधू’ संयंत्र त्यानंतर लोकप्रिय झाले. देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेल्या संयंत्राच्या प्रसारासाठी आयुष्य वेचले. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

लेखकाच्या आजोळी गोठ्यामागे असे एक संयंत्र होते. आजीने चुलीच्या धुराने लाल झालेले डोळे घेऊन आयुष्य काढले होते. निळ्या ज्योतीची शेगडी पेटली त्या दिवशी तिने शेजारणींना बोलावून चहा पाजला होता. आठ-नऊ वर्षांनी टाकी गंजली. तोवर बैल विकून भाड्याचा ट्रॅक्टर आला होता, एकच म्हैस उरली होती. टाकी पुन्हा कोणी बसवली नाही. आजी परत चुलीपुढे बसली, ती गॅसचे सिलिंडर घरात येईपर्यंत.

दोष संयंत्राचा नव्हता. हिशेब बदलला होता. एक घनमीटर वायूला रोज सुमारे पंचवीस किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. दोन घनमीटरांच्या घरगुती संयंत्राला पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत. तेवढी जनावरे नसतील तर मोठे संयंत्र बांधू नये. अनुदान मिळते म्हणून तर मुळीच बांधू नये. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या गावाने दोनदा विचार करावा. थंडीत वायू कमी सुटतो, तेव्हा घुमटावर उसाचे पाचट किंवा कडब्याचे आच्छादन घालावे. आणि बाहेर पडणारी मळी उकिरड्यावर फेकू नये, कारण शेण जाळल्याने जो नत्र नष्ट होतो तो या मळीत शिल्लक असतो. कित्येक शेतकरी तर वायूपेक्षा या खतासाठीच संयंत्र चालवितात.

छपरावरचा हिशेब

शहरातल्या आणि मोठ्या गावांतल्या वाचकांना सर्वांत जवळचे साधन म्हणजे स्वतःच्या घराचे छप्पर. ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजनेत २०२४ पासून घरगुती संचासाठी एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले. पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम त्याच वर्षी जाहीर झाले. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. शेजारच्या इमारतीची, पाण्याच्या टाकीची किंवा नारळाच्या झाडाची सावली डिसेंबरमध्ये कोठवर येते ते पाहून मगच जागा निश्चित करावी; उन्हाळ्यात पाहिलेली जागा हिवाळ्यात फसविते. तावदाने दक्षिणेकडे तोंड करून बसवावीत. ती पंचवीस वर्षे टिकतात, पण विजेचे रूपांतर करणारा इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागण्याची शक्यता असते. तो खर्च आरंभीच हिशेबात धरलेला बरा.

दोन्ही बाजूंनी मोजणाऱ्या मीटरमुळे दिवसा जास्त झालेली वीज जाळ्यात जमा होते आणि रात्री वापरलेल्या विजेतून ती वजा होते. एका महिन्यात उरलेली युनिटे पुढच्या महिन्यात ओढली जातात आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी हा हिशेब पुरा केला जातो. त्यामुळे जुलै-ऑगस्टचे बिल पाहून संच बिघडला अशी तक्रार घेऊन कोणी घाईने जाऊ नये. एप्रिल-मेच्या युनिटांशी त्या बिलाची तुलना करण्याऐवजी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशी करावी, आणि त्यातही मोठी तूट दिसली तर प्रथम छपरावर चढून तावदानांवर पाला किंवा पक्ष्यांची विष्ठा साचली आहे काय ते पाहावे.